आमवातावर रक्ततपासणीची देखरेख

दवाखान्यातून गावाकडे परतणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत औषधांच्या जोडीला रक्ततपासणीचा एक कागद असतो. छत्रपती संभाजीनगरहून कन्नड, सिल्लोड, पैठण किंवा वैजापूरकडे निघालेल्या एस.टी.त तो कागद उलगडला जातो. त्यावरील मजकूर इंग्रजीत असतो, एखाद्या आकड्यापुढे ठळक खूण असते आणि ती पाहून मन धास्तावते. गावी पोहोचल्यावर हा कागद बहुधा शाळेतील गुरुजींना, ग्रामपंचायतीच्या एखाद्या जाणत्या सदस्याला किंवा ओळखीच्या कर्मचाऱ्याला दाखविला जातो. "आजार वाढला का हो?" एवढाच प्रश्न असतो.

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर जपून द्यावे लागते. आमवाताचा रुग्ण कधी आकडा उतरला म्हणून बरे झालो असे समजून औषध सोडतो, तर कधी आकडा उतरला नाही म्हणून औषधच निरुपयोगी ठरवून ते सोडतो. दोन्ही वेळा नुकसान सांध्यांचे होते, आणि एकदा वाकडे झालेले बोट औषधाने पुन्हा सरळ होत नाही. म्हणूनच या तपासण्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे ज्यांच्याकडे असे कागद येतात त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आजार कोणता?

आपल्याकडे कोणत्याही सांधेदुखीला सरसकट संधिवात म्हणण्याची रूढी आहे. वास्तविक सांध्यांचे विकार अनेक प्रकारचे असतात. उतारवयात गुडघे दुखतात ते बहुतांशी सांध्यातील कूर्चा झिजल्यामुळे. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा विकार निराळा आहे. मराठीत त्यास सामान्यतः आमवात म्हणतात. आयुर्वेदातील 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे; मात्र ग्रंथातील आमवात आणि आधुनिक वैद्यकातील हा विकार सर्वस्वी एकच आहेत असे म्हणता येत नाही. केवळ रूढ नाव म्हणून आपण येथे तो शब्द वापरू.

या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. हातापायांची लहान बोटे, मनगटे, कोपरे, गुडघे असे दोन्ही बाजूंचे सांधे त्यात सापडतात. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात आणि मोकळे व्हावयास तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हा विकार दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि तो ऐन उमेदीच्या वयातही सुरू होतो. भाकरी थापणे, दूध काढणे, कापूस वेचणे, पैठणीच्या मागावर धोटा चालविणे ही सारी बोटांची कामे होत. बोटे गेली की त्या घराचा रोजगारही जातो.

भिगवणचा अनुभव

हा आजार शहरी किंवा श्रीमंतांचा आहे, असा एक गैरसमज आहे. महाराष्ट्रातच झालेल्या एका पाहणीने तो दूर केला. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या संयुक्त कार्यक्रमांतर्गत पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस झाली. त्यांतील सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू अथवा हाडे यांचे दुखणे होते, तर आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले.

अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो. परंतु तीन हजार प्रौढांच्या गावास तो लावला तर साधारण पंधरा रुग्ण होतात. म्हणजे मध्यम लोकवस्तीच्या जवळजवळ प्रत्येक गावात या विकाराचे रुग्ण असणार, असे धरून चालण्यास हरकत नाही. त्यांची तपासणी एकदा होऊन भागत नाही. आजार दीर्घकाळचा असल्याने देखरेखही दीर्घकाळ ठेवावी लागते, आणि त्या देखरेखीचे एक साधन म्हणजे रक्ततपासणी.

रक्त बसण्याचा वेग

सर्वांत जुनी आणि स्वस्त तपासणी ई.एस.आर. ही होय. तांबड्या रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग, असा तिचा अर्थ. पोलंडचे डॉक्टर एडमंड बिएर्नाकी यांनी १८९७ साली या घटनेचे वैद्यकीय महत्त्व प्रथम मांडले. पुढे स्वीडनमधील रॉबिन फोरेअस आणि आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९१८ ते १९२१ या काळात तिला आजचे स्वरूप दिले. शंभर वर्षे लोटली तरी ही पद्धती जगभर चालू आहे.

कृती सोपी आहे. रक्ताचे चार भाग आणि ते गोठू न देणाऱ्या सोडियम सायट्रेटच्या द्रावणाचा एक भाग मिसळून ते एका बारीक, उभ्या नळीत भरतात. नळीवर शून्यापासून २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असतात. एक तासानंतर तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली उतरल्या आणि वर पिवळसर द्रव किती मोकळा राहिला, ते पाहतात. तोच ई.एस.आर.चा आकडा.

आमवातात तो का वाढतो? शरीरात कोठेही दाह सुरू झाला की यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. एरव्ही तांबड्या पेशी एकमेकींपासून अलग राहतात. हे प्रथिन वाढले की त्या नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींस चिकटतात, चळत जड होते आणि लवकर तळाशी जाते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल की, ही तपासणी सांध्यांना प्रत्यक्ष पाहत नाही. शरीरात दाह आहे एवढेच ती सांगते. तो सांध्यात आहे, फुप्फुसात आहे की दातांच्या मुळाशी आहे, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

शिवाय वय वाढते तसा हा आकडा स्वभावतःच वाढतो. स्थूल मानाने पुरुषांसाठी वयाच्या निम्मा आणि स्त्रियांसाठी वयात दहा मिळवून त्याचा निम्मा, ही वरची मर्यादा धरतात. म्हणजे साठ वर्षांच्या स्त्रीचा आकडा ३५ असेल तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. गरोदरपणातही तो वाढलेला असतो.

आपल्या भागासाठी अधिक महत्त्वाचा मुद्दा रक्तक्षयाचा आहे. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की त्या खाली बसताना अडथळा कमी होतो आणि ई.एस.आर. वाढलेला दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याचा अर्थ असा की, आपल्याकडील आमवाताच्या अनेक स्त्री-रुग्णांच्या ई.एस.आर.मध्ये काही वाटा आजाराचा तर काही वाटा रक्तक्षयाचा असतो. हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी ठेवल्याखेरीज ई.एस.आर. वाचणे म्हणूनच योग्य नव्हे. याउलट सिकलसेल विकारात पेशींचा आकार विळ्यासारखा झाल्याने त्यांची चळत नीट बनत नाही आणि दाह असूनही आकडा कमी दिसू शकतो. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत या गोष्टीचे भान ठेवावे लागते.

प्रयोगशाळेतील शिस्तीचाही परिणाम होतो. नळी किंचित तिरपी राहिली तरी पेशी लवकर घसरतात. खोली फार तापलेली असेल तरी वेग वाढतो; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे विसरून चालत नाही. काढलेले रक्त सामान्य तापमानात ठेवले असेल तर तपासणी चार तासांच्या आत झाली पाहिजे. काही ठिकाणी वेस्टरग्रेनऐवजी विनट्रोब नावाची आखूड नळी वापरली जाते. दोन्हींचे आकडे एकमेकांशी पडताळता येत नाहीत. यास्तव शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासणी करावी.

सी.आर.पी. : लवकर कळविणारी तपासणी

दुसरी तपासणी सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन म्हणजेच सी.आर.पी.ची. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडले. न्यूमोनियाच्या जंतूंतील 'सी' नावाच्या घटकाशी त्याची प्रतिक्रिया होते, म्हणून हे नाव पडले. दाहाचा संदेश पोहोचताच यकृत ते तयार करू लागते. काही तासांत त्याची पातळी वाढू लागते, साधारण दोन दिवसांत ती शिखर गाठते, आणि दाह शमला की दर १९ तासांच्या सुमारास निम्मी होत उतरते. ई.एस.आर. मात्र उतरण्यास आठवडे घेतो. औषध लागू पडले की नाही याची वर्दी सी.आर.पी. आधी देते, ती यामुळेच. रक्तक्षयाचा आणि नळीच्या तिरपेपणाचाही तिच्यावर परिणाम होत नाही.

या तपासणीच्या कागदात दोन बाबी नीट पाहाव्यात. पहिली, मापनाचा एकक. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रतिलिटर, तर काही मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर असा आकडा देतात. दोहोंत दहापटीचे अंतर आहे. एका कागदावरील २.४ आणि दुसऱ्या कागदावरील २४ हे प्रत्यक्षात एकच असू शकतात. एकक न पाहता आजार दहापट वाढला अशी समजूत करून घेणे किंवा दुसऱ्याची करून देणे, यासारखा अनर्थ नाही. दुसरी बाब म्हणजे, केवळ 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असे उत्तर देणारी साधी सी.आर.पी. तपासणी आजाराच्या देखरेखीस उपयोगी पडत नाही. चढउतार पाहावयाचा असल्याने नेमका आकडा हवा.

सी.आर.पी.लाही मर्यादा आहेतच. जंतुसंसर्गात ती आमवातापेक्षाही अधिक वाढते. लठ्ठपणातही ती थोडी चढलेली असते. टोसिलिझुमॅबसारखी काही नवी औषधे यकृताकडे जाणारा संदेशच अडवितात. ती घेणाऱ्या रुग्णात सांधे सुजलेले असताना अथवा जंतुसंसर्ग झालेला असतानाही सी.आर.पी. कमीच दिसू शकते. अशा रुग्णाने कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना आपल्या औषधाचे नाव प्रथम सांगावे.

वारंवार न काढावयाच्या तपासण्या

ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही तपासणी सर्वांच्या ओळखीची आहे. नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० साली आणि अमेरिकेतील हॅरी रोज यांनी १९४८ साली त्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. अँटी-सी.सी.पी. ही प्रतिद्रव्याची तपासणी अलीकडची असून निदानासाठी ती अधिक नेमकी समजली जाते. या दोन्ही तपासण्या आजार ओळखण्यासाठी आणि तो किती तीव्र होण्याचा संभव आहे याचा अंदाज घेण्यासाठी आहेत. रोजच्या चढउताराशी त्यांचा मेळ बसत नाही. औषधाने रुग्ण चांगला सुधारला तरी फॅक्टर 'पॉझिटिव्ह'च राहू शकतो. त्यामुळे दर तीन महिन्यांनी तो काढून घेणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

निदानातही या तपासण्यांवर एकट्यावर विसंबता येत नाही. क्षयरोग, कुष्ठरोग, कावीळ क यांसारख्या दीर्घकालीन संसर्गांत, तसेच काही निरोगी वृद्धांतही फॅक्टर आढळतो. उलट आमवात असूनही काही रुग्णांत तो सापडत नाही. महाराष्ट्रापुढे आणखी एक प्रश्न आहे तो चिकुनगुन्याचा. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली या रोगाची साथ आली होती आणि २००६ साली मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात ती पुन्हा पसरली. चिकुनगुन्याचा ताप गेल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहतात आणि ते दुखणे आमवातासारखेच भासते. म्हणून तापाची हकीकत डॉक्टरांना सांगणे हे रक्ताच्या कागदाइतकेच मोलाचे असते.

आकडे कसे वाचावेत : एक काल्पनिक उदाहरण

समजा, सिल्लोड तालुक्यातील ३८ वर्षांच्या एका शेतकरी स्त्रीला आमवात झाला आहे. खालील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत.

उपचार सुरू होताना तिचा ई.एस.आर. ७८, सी.आर.पी. ४२ मिलिग्रॅम प्रतिलिटर, हिमोग्लोबिन ९.४ आणि सुजलेले सांधे बारा. तीन महिन्यांनी ई.एस.आर. ५२, सी.आर.पी. ८, हिमोग्लोबिन ९.८ आणि सुजलेले सांधे तीन. घरचे म्हणतात, "बावन्न म्हणजे अजून दुपटीहून जास्त. औषधाचा गुण नाही." हा निष्कर्ष चुकीचा आहे. सी.आर.पी. उतरली आहे, सांधे सुधारले आहेत, ई.एस.आर. मागे रेंगाळला आहे तो काहीसा त्याच्या संथ स्वभावामुळे आणि काहीसा रक्तक्षयामुळे. येथे औषध चालू ठेवणे आणि रक्तक्षयाचे कारण शोधणे इष्ट.

सहाव्या महिन्यात ई.एस.आर. ७० आणि सी.आर.पी. ६० झाली. सांधे मात्र शांत आहेत. ताप आहे, लघवीस जळजळ आहे. ही आमवाताची उसळी नव्हे. जंतुसंसर्गाचा संशय घेऊन त्वरित दवाखाना गाठला पाहिजे, कारण आमवाताची औषधे प्रतिकारशक्ती दबवतात आणि अशा वेळी ती काही काळ थांबवावी लागण्याचा संभव असतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

नवव्या महिन्यात ई.एस.आर. २४ आणि सी.आर.पी. ४. दोन्ही आकडे मर्यादेत. घरात आनंद. परंतु उजव्या हाताची दोन बोटे अजून सुजतात आणि सकाळी अर्धा तास आखडतात. येथे कागद समाधानकारक असला तरी आजार पूर्ण शमलेला नाही. आकडे सर्वसाधारण असताना सांध्यांतील दाह चालू राहिलेला असे पुष्कळ रुग्ण आढळतात.

या चार भेटींतून निघणारा बोध एकच आहे. एकटा आकडा निर्णय देत नाही. तो पूर्वीच्या आकड्याशी, हिमोग्लोबिनशी, तापाच्या हकीकतीशी आणि सर्वांत आधी सांध्यांशी ताडून पाहावा लागतो.

सांधे मोजणे सुटत नाही

यासाठीच तज्ज्ञांनी एक संयुक्त मोजमाप तयार केले. डास-२८ या नावाने ते ओळखले जाते. दोन्ही खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस असे अठ्ठावीस सांधे डॉक्टर दाबून पाहतात. किती दुखतात, किती सुजले आहेत, रुग्णास स्वतःस कसे वाटते आणि ई.एस.आर. किंवा सी.आर.पी. किती, या चार गोष्टींवरून एक गुणांक काढतात. तो २.६ हून कमी असल्यास आजार शमला, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम आणि त्यापलीकडे तीव्र, असे समजले जाते. जेथे रक्ततपासणीची सोय नाही तेथेही अडून राहण्याचे कारण नाही. केवळ सांधे मोजून, रुग्ण व डॉक्टर या दोघांचा अंदाज मिळवून काढावयाचे सी.डी.ए.आय. नावाचे मोजमाप आहे. त्यास रक्ताचा एक थेंबही लागत नाही. मात्र या दोन्ही मोजमापांत पायांचे सांधे मोजले जात नाहीत. म्हणून पायाची बोटे दुखत असल्यास ते आवर्जून सांगावे.

आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आजार जोरात असताना एक ते तीन महिन्यांनी रुग्णास तपासावे. तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत ठरविलेले उद्दिष्ट गाठले नाही तर उपचार बदलावा. रक्ताचे आकडे आणि सांध्यांची मोजणी यांचा खरा उपयोग येथे होतो. 'बरे वाटते' आणि 'बरे वाटत नाही' या मोघम शब्दांऐवजी निर्णयासाठी ठोस आधार मिळतो.

औषधांवरही नजर

रक्ततपासणीचे दुसरे काम रुग्णाच्या सुरक्षिततेचे आहे. आमवातावरील प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट हे होय. शरीरातील फोलिक आम्लाच्या कार्यात ते अडथळा आणते. या दोहोंच्या इतिहासाशी भारताचा संबंध आहे. ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि गरोदर स्त्रियांतील रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कातील ज्या घटकाने तो बरा होतो असे त्यांनी १९३१ साली दाखविले, तोच पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली फोलिक आम्ल आणि त्याला विरोध करणारी औषधे तयार झाली. मेथोट्रेक्सेट हे त्यांपैकीच एक.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. प्रत्येक गुरुजीने आणि आशा कार्यकर्तीने रुग्णाच्या घरी जाऊन एवढे एक वाक्य सांगितले तरी मोठे काम होईल. आठवड्याचा वार ठरवून तो भिंतीवरील दिनदर्शिकेत खुणावून ठेवावा. डॉक्टर फोलिक आम्लाच्या गोळ्याही देतात. त्या टाळू नयेत. हे औषध गर्भास घातक असल्याने गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच सांगावे. मद्यपान वर्ज्य करावे.

हे औषध चालू असताना पेशीगणना, यकृतासाठी एस.जी.पी.टी. आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन या तपासण्या सुरुवातीस दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी कराव्या लागतात. "आता बरे वाटते, मग रक्त कशाला द्यायचे?" असा प्रश्न रुग्ण विचारतात. आजाराचे दुखणे रुग्णास कळते. यकृतावरचा किंवा अस्थिमज्जेवरचा दुष्परिणाम आरंभी कळत नाही, तो कागदावरच प्रथम दिसतो, हे त्याचे उत्तर होय.

येथेच आणखी एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे. बाजारात, जत्रेत किंवा एखाद्या भोंदूकडे मिळणाऱ्या पुड्यांनी दोन दिवसांत सांधे मोकळे होतात. अशा पुड्यांत बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी १९४८ साली आमवातावर कॉर्टिझोन वापरले आणि १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु मात्रा न जाणता वर्षानुवर्षे घेतल्यास मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा आणि जंतुसंसर्ग ओढवतो. शिवाय ई.एस.आर. व सी.आर.पी. तात्पुरते उतरल्याने डॉक्टरांचीही दिशाभूल होते. पुडी घेतली असल्यास ते लपवू नये.

गावपातळीवर काय करता येईल?

ज्यांच्या हाती गावाचा कारभार आहे आणि ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे, त्यांना यात बरेच काही करता येण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट ओळखण्याची. हाताची बोटे किंवा मनगटे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेली असतील आणि सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल, तर त्या व्यक्तीस विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून तज्ज्ञांकडे पाठवावे. आजाराच्या पहिल्या काही महिन्यांतील उपचार सर्वाधिक फलदायी ठरतो.

दुसरी गोष्ट कागद जपण्याची. प्रत्येक रुग्णाची एक वही असावी. तीत तारीख, ई.एस.आर., सी.आर.पी. व तिचा एकक, हिमोग्लोबिन, एस.जी.पी.टी., क्रिएटिनिन आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या असे रकाने आखावेत. वरच्या वर्गातील विद्यार्थीही ते भरू शकेल. दर भेटीला सुटा कागद नेण्यापेक्षा वर्षभराची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर त्यांचा वेळ वाचतो आणि निर्णय अधिक अचूक होतो.

तिसरी गोष्ट सोयींच्या माहितीची. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आणला. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या संस्थांचा त्यात समावेश होता. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मराठवाड्याचा आधार म्हणजे १९५६ साली स्थापन झालेले आणि 'घाटी' या नावाने सर्वपरिचित असलेले संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. नियमित तपासणी जवळच्या केंद्रात आणि ठराविक काळाने तज्ज्ञांची भेट, अशी विभागणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करता आली तर रुग्णाचे एस.टी. भाडे आणि बुडणारी मजुरी दोन्ही वाचतात. कोणती तपासणी कोठे होते, कोणत्या वारी रक्त घेतले जाते, याची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे काही खर्चाचे काम नाही.

चौथी गोष्ट संयमाची. कागद दाखविण्यास आलेल्या रुग्णास "आकडा वाढला" किंवा "आकडा उतरला" एवढेच सांगून परत पाठवू नये. औषध चालू आहे का, ताप आहे का, बोटे सुजली आहेत का, पुढील तारीख कोणती, हे चार प्रश्न विचारावेत. औषध थांबविण्याचा किंवा वाढविण्याचा सल्ला मात्र कोणीही स्वतःच्या जबाबदारीवर देऊ नये.

आमवात समूळ नाहीसा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. तथापि वेळेवर निदान, नियमित औषध आणि शिस्तीची देखरेख यांच्या बळावर बहुसंख्य रुग्णांना आपल्या हातांनी आपली कामे करीत जगता येते. पुढच्या वेळी कोणी तो कागद घेऊन आपल्या दारी आले, तर आकड्याकडे पाहण्यापूर्वी त्या व्यक्तीचे हात पाहावेत. बोटे मिटतात का, मूठ वळते का, हे पाहून मग कागद वाचावा. तपासणीचा उद्देश ती मूठ वळती ठेवणे हाच आहे.